कामकाजातून काढून टाकलेले

विधानभवनात माझी पाळी पाच मिनिटांची असे.
मग दुसरी वही, दुसरा हात.
मिनिटाला एकशेवीस शब्द हा माझा वेग,
उकंडराव ठवकर उठले की तो ऐंशीवर यायचा.
तासाच्या टोकाला बैल थांबतो
तसे ते वाक्याच्या टोकाला थांबत.

पहिल्या डिसेंबरात सगळे नावालाच हसले.
आधीची चार लेकरं गेली,
म्हणून आईने पाचवं उकंड्यावर लोळवून उचललं,
मरणाला वाटावं, हे टाकलेलंच आहे.
"शेणखतातून आलो, अध्यक्ष महाराज.
म्हनून उगवतो."
मी कंसात लिहिलं : हशा.
दुसऱ्या वर्षी त्याच वाक्यावर लिहिलं : बाके वाजवली.

त्याआधी ते कॉटन मार्केटात मापारी होते.
चाळीस किलोला दोन किलो कट्टी
कोणत्या कागदात लिहिली, एवढंच विचारलं,
आणि अडत्याचा काटा खांद्यावर घालून निघाले.
लोहापुलाखालून, बर्डीवरून, व्हरायटी चौकातून,
मागे बंड्या, आणखी बंड्या,
एका बंडीत कोणाची तरी आजारी गाय.
झिरो माइलच्या दगडी घोड्यांपाशी काटा ठेवला.
"मोजा आता," म्हणाले, "इथून."

मंत्री झाले तेव्हा धोतर तेच होतं,
इस्त्री नवी.
पहिली सही कट्टीबंदीवर.
बाजारोबाजार त्यांची पोरं उभी राहिली,
हातात तुरीच्या काड्या, पुढे पुढे काठ्या.
आधी काटे तपासत, मग वह्या,
मग कोण कोणाच्या वावरात मजुरीला गेलं ते.
एका मुनिमाचा हात मोडला.
सभागृहात त्यावर प्रश्न आला,
उत्तर माझ्या पाळीत नव्हतं.

अकरा महिने.
मग एका रात्री रवि भवनाच्या आवारात
गाड्यांचे दिवे न लावता सात आमदार गेले,
आठवा चप्पल विसरून.

सकाळी ते उठले तेव्हा
माझ्या पाळीची दोन मिनिटं उरली होती.
सरकारबद्दल बोलले नाहीत. फितुरांबद्दल नाही.
कापूस वेचणाऱ्या बायाईच्या मापाबद्दल बोलू लागले.
माझी मावशी वेचणीला जायची.
सतरा किलो वेचले की वहीत पंधरा,
आणि त्या वहीवर उकंडरावांचाच फोटो.
माझी पेन्सिल थांबली नाही, एवढं सांगते.
शेवटचं वाक्य पुरं झालं
आणि त्यांच्याच बाकावरून ओरडा झाला : काढा ते, काढून टाका.
अध्यक्षांनी काढलं.
छापील अहवालात तिथे तीन फुल्या आहेत.

त्यांना कोणी मारलं नाही.
पुढच्या निवडणुकीत त्यांची पोरं
दुसऱ्याच्या जीपमध्ये दिसली, काठ्या त्याच.
काटोल रोडला पुतळा झाला,
हातातला काटा दोनदा चोरीला गेला,
तिसऱ्यांदा बसवलाच नाही,
आता ते रिकामी मूठ पुढे धरून उभे आहेत,
कोणाला वाटतं देतात, कोणाला वाटतं मागतात.
बाजारात पुरत्या वजनाला अजून उकंडमाप म्हणतात.
म्हणतात, आणि मग कापतात :
ओलाव्याचं, सुतळीचं, हमालीचं.

निवृत्त होताना मी ती वही घरी आणली.
आणू नये, माहीत आहे.
नात विचारते, आजी, ही कोणती भाषा?
तिच्यासाठी वाचायला बसते,
ऐंशीच्या वेगाने, टोकाला थांबत.

पण घाईत स्वर गाळायचे, हा आमच्या लिपीचा नियम.
कागदावर एवढंच उरलंय : म, य, ब, क, ट.
"मायाबी काटा", मीही मापलं, असं वाचता येतं.
"मायीबी कट्टी", मीही कापलं, असंही.
मला दुसरं ऐकू आलं होतं.
मावशीचं नाव घेऊन सांगते, दुसरंच.
नात म्हणते, मग तसं लिही ना वर.

पेन्सिल हातात आहे.
सत्तेचाळीस वर्षांत
दुसऱ्याच्या वाक्यात मी कधी स्वर घातला नाही.