वाहनभत्ता, पान अठरा

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटाच्या अलीकडं,
आमच्या फौंड्रीच्या टाइम ऑफिसात
दर महिन्याच्या सात तारखेला मी व्हाउचरं लिहिते.
दुचाकी असेल त्याला नऊशे.
बसपास असेल त्याला पासाचे पैसे, पावती जोडून.
तिसरा रकाना आखायला कुणी सांगितलं नव्हतं.

नोटीस लागली तेव्हा शेडमध्ये सात गाड्या होत्या.
दिवाळीला एकतीस.
कुणी बायकोची बोरमाळ सोसायटीत ठेवली,
कुणी मेव्हण्याची जुनी उचलली,
शिनोळीचा दत्तू शून्य-नऊची घेऊन यायला लागला,
टाकी मात्र इकडंच भरायचा, स्वस्त पडते म्हणून.
भत्ता नऊशे, हप्ता एकवीसशे.
मधले बाराशे कुठून येतात
हे विचारायला रजिस्टरात जागा नाही.

आणि येळ्ळूरची सहा चाळीस.
तिच्या पाटीवरचं कानडी मला नीट लागत नाही,
पण डाव्या बाजूचा चेपलेला पत्रा लांबून ओळखायचे.
ती हलकी होत गेली.
आधी उभं राहणं संपलं,
मग खिडकीसाठीची भांडणं,
मग मागचं अख्खं बाकडं माझ्या पिशवीला मिळायला लागलं.
कंडक्टर बसवंतप्पा म्हणाला,
"अक्का, निम्म मंदी यल्लि होद्रु री?"
मी म्हटलं, गाडीवर गेले.
संक्रांत झाली आणि फेरीच बंद.

आता कोअर शॉपच्या यल्लूबाई, शेवंता,
नवीन लागलेली शिवलीला आणि मी
वडगावच्या वेशीपर्यंत चालतो.
तिकीट फुकट आहे आम्हा बायकांना.
आधार कार्ड पर्समध्ये आहे.
बस नाही.

भरमाण्णा सायकलनं येतो, सत्तावीस वर्षं.
मालक हसून म्हणाले, "सायकलीला काय पेट्रोल लागतंय रे?"
"लागतंय की साहेब."
आणि पुढच्या सातला माझ्या टेबलावर बिल,
पोराच्या वहीचं पान, शिसपेन्सिलीनं:
भाकरी दोन.
शेंगाचटणी, लागेल तशी.
परतीला वारं समोरून, म्हणून अर्धी भाकरी जादा.
रक्कम साहेबांच्या मर्जीवर.

मी ते फाइलला लावलं नाही.
फाडलंही नाही.

खरं सांगायचं तर
माझ्याही नावावर एक स्कूटी आहे.
बावीस नंबरची, राखाडी.
मला चालवता येत नाही.
थोरला नेतो कॉलेजला, आणि कॉलेज सोडून जिथं जायचं तिथं.
मी पायी येते
आणि आरसी बुकाच्या झेरॉक्सवर नऊशे घेते.
त्या एकतिसांत एक मी आहे.
भत्ता प्रवासाला नसतो, कागदाला असतो,
हे कंपनीत सगळ्यांत आधी
ज्या बाईनं कागद लावले तिलाच कळलं.

परवा बासमती फुलल्याचा वास होता रस्त्याला.
भरमाण्णा मागून आला, घंटी न वाजवता उतरला,
आमचे चारही डबे हँडलला अडकवले
आणि सायकल हातानं ढकलत बरोबर चालला.
"उशीर होईल की हो तुम्हाला," शेवंता म्हणाली.
"हुंदे. माझा काय भत्ता कापणार हायत?"
मागून आमच्याच शेडमधल्या तीन गाड्या
हॉर्न देत गेल्या. दत्तूनं हात केला.
धूळ बसायला वेळ लागला. यल्लूबाई पदर तोंडाला लावून
तिच्या सुनेचं काहीतरी सांगत राहिली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
पान अठरावर पट्टी धरून तिसरा रकाना आखला.
वर मथळा काय द्यावा सुचेना, रिकामाच ठेवला.
पहिलं नाव भरमाण्णाचं.
दुसरं लिहिताना पेन थांबलं.
शाई होती.

मार्चला ऑडिट आहे.