पासंग

बाबा वजन-माप खात्यात होते.
खंडेराव मार्केटात पहाटेच जायचे,
भाज्यांवर पाणी मारणं चालू असे तेव्हा,
आणि वांगी-भेंडीकडे न बघता
सरळ पारड्याखाली हात घालायचे.
चिंच सापडायची. मेण सापडायचं.
एकदा लोहचुंबक, नव्या पैशाएवढा.
"पासंग," ते म्हणायचे, आणि पावती फाडायचे.
त्यांच्या तोंडी एवढी एकच शिवी होती.

देवालाही ते तेच म्हणायचे.

दांडिया बाजारात, आमच्या आळीत,
हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं
एखाद्याला साखरेचा आजार असल्याचं ठाऊक असतं:
प्रसाद वाटणारे आमचं दार टाळून पुढे जात,
मग मागच्या दारी येऊन
आईच्या हातावर हळूच काही ठेवत.

भिखाभाई बटाटेवाला, दोनदा दंड भरलेला,
तराजू पुढे सरकवत म्हणायचा,
"साहेब, भगवान नथी एवुं मानवुं,
ए पण मानवुं ज कहेवाय ने?"
बाबा रिकाम्या पारड्यांकडे बोट दाखवायचे.
काटा मधोमध.
"हे किती किलो, भिखाभाई?"
"कंई नथी, साहेब."
"मग याचे पैसे लावशील?"
भिखाभाई हसायचा. मीही हसायचे.
आठवीत होते, जिंकणाऱ्याच्या बाजूला होते.

पण ऑफिसातलं ते कपाट मी पाहिलंय.
शिसवी पेटी, आत निळी मखमल,
मखमलीत एक किलोचं पितळी वजन.
उघड्या हाताने त्याला शिवायचं नाही.
घामानं भरतं, म्हणायचे,
आणि हात धुऊन, पुसून,
चामड्याच्या मऊ फडक्यात ते असं उचलायचे
की माझा आवाज आपोआप खाली यायचा.
"हे बरोबर कशावरून?"
"अहमदाबादला याहून बरोबर आहे."
"आणि ते?"
"दिल्लीवरून."
"आणि दिल्लीचं?"
"परदेशात आहे एक. काचेखाली.
काचेवर आणखी काच."
"तुम्ही पाहिलंय?"
पेटी मिटली.
"पाहायची गरज नाही. कोणीही जाऊन तपासू शकतं."
मग किल्ली फिरवता फिरवता,
"तत्त्वतः."

आई गेली. तेराव्याला काही केलं नाही.
तिचे देव मावशीने नेले रुमालात बांधून:
बाळकृष्ण, दोन टाक, नाक झिजलेली अन्नपूर्णा.
कोनाडा मोकळा झाला.
मी म्हटलं, इथे राउटर बसेल.
नको म्हणाले.
मग औषधांचा डबा?
नको.

रोज सकाळी, अंघोळ झाल्यावर,
ते कोनाड्यातली फळी पुसायचे,
कोपऱ्या-कोपऱ्यांतून, काजळीचा डाग तेवढा राखून,
आणि एक पाऊल मागे सरून बघायचे,
डोळा काट्याच्या रेषेत आणून.
कुणी चुकून किल्ल्या ठेवल्या तिथे
तर दिवसभर बोलायचे नाहीत.

"कुणाची वाट बघताय?" मी एकदा चिडले.
"कुणाची नाही," ते म्हणाले.
"कुणी नाही, ते बघतोय."

देह त्यांनी मेडिकल कॉलेजला लिहून दिला होता.
फॉर्मवर धर्माच्या रकान्यात रेघ,
हाताने नव्हे, पट्टी लावून ओढलेली.

काल घर दाखवायला गेले होते.
भाडेकरू चांगले आहेत, आणंदचे.
बाई म्हणाल्या, इथे मंदिर छान बसेल ना?
मी हो म्हणाले. का नाही म्हणायचं?
त्या स्वयंपाकघराकडे वळल्या, तेव्हा
का कोण जाणे,
मी फळीच्या खालून हात फिरवला,
अगदी मागे, भिंतीपर्यंत.

काहीतरी होतं. कडक, चिवट, करंगळीच्या पेराएवढं.
नखाने खरवडून उजेडात धरलं.
आईच्या निरांजनाचं ओघळून गोठलेलं तूप असेल.
मेणही असेल.
वासावरून कळेना. चाळीस वर्षांत वास राहत नाही.

वजनाला म्हणाल तर काहीच नव्हतं.
रुमालात घेतलं.
पावतीपुस्तक कुठे होतं माझ्याजवळ?