पान एकोणचाळीस, ओळ सात

मगदूम सरांचा तास रविवारी चार वाजता.
साडेपाचला संपतो, वाक्य कुठंही असो,
कारण सर दिवस मावळायच्या आत जेवतात
आणि सूर्य क्रियापदासाठी थांबत नाही.

अकरा वर्षं ओसाकात, पंपाच्या कारखान्यात.
सरांची जपानी तिथली:
व्हॉल्व्ह, गळती, पाळी बदलली, हात सांभाळ.
पुस्तकातली बाई काचेतून ट्राम बघत
स्वतःशी जे पुटपुटते,
"ते आमच्या शॉप फ्लोअरवर नव्हतं बघ."

पुस्तक युद्धाच्या आधीचं. अक्षरंही आधीची,
कुणी अजून त्यांचे हातपाय कमी केले नव्हते.
ओळी वरून खाली, पानं उजवीकडून,
अवघड अक्षराशेजारी बारीक उच्चार,
जत्रेत लेकराचं बोट धरल्यासारखा.
एक वाक्य पावणेतीन पानांचं.
श्रावणात सुरू केलं, घटस्थापनेला पूर्णविराम दिसला.

पुण्यात परीक्षेला आलेली मुलं म्हणायची,
क्रियापद अगदी शेवटी, किती छळ!
मला नवल वाटलं नाही.
आपणही शेवटापर्यंत सांगत नाही
खाल्लं की टाकलं, दिलं की बुडवलं.
चा-ची-चे च्या जागी नुसतं "नो".
तेवढीच बचत.

आठवडाभर हळदीच्या पेढीवर पावत्या.
बोटांचा रंग साबणाला जुमानत नाही.
सरांच्या कोशात माझी पिवळी बोटं उमटलीत,
सगळ्यांत जास्त पाण्याच्या पानांवर.
अक्षराच्या डावीकडं तीन थेंब, म्हणजे पाण्याचं काहीतरी.
कोश एकोणीसच्या पुरात दोन रात्री भिजला,
सुकल्यावर मिटेना.
ही खूण सांगलीत वेगळी शिकवावी लागत नाही.

मग पान एकोणचाळीस, ओळ सात.
रात्र. गल्ली. भिजलेली छत्री.
आणि एकच शब्द: काएत्ता.
घरी परत
आला?
आली?
कोण, ते लिहिलेलं नाही.
मागं वीस पानं नाही, पुढं चाळून पाहिलं, नाही.
जुन्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबायचे,
भाव ठरायचा,
बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसायचा.
तसा हा कर्ता.

"परत येणं झालं, असं लिही," सर म्हणाले.
लिहिलं. महापालिकेच्या पत्रासारखं दिसलं.
खोडलं.
"मशीनला तरी कुठं असतंय लिंग?"
म्हणाले, आणि स्वतःच थांबले.
पंप तो. मोटर ती. मशीन ते.
"आपल्याला काय सुटत नाही बघ," म्हणत
हात धुवायला उठले. साडेपाच.

तिकडं एवढं गप्प राहता येतं
आणि आपली भाषा दारातच चौकशी करते,
याचा राग आला. थोडा हेवाही.
माझ्यापुरती एक पळवाट सापडली आहे:
मी वाचलं, मी लिहिलं, मी खोडलं.
इथं कुणी काही विचारत नाही.
पण मी परत, एवढं म्हटलं
की पुढच्या अक्षराला पकडलंच.

शंभर फुटी रस्त्यावर दिवे लागत होते.
पावसाची उरलीसुरली भुरभुर,
तिकडं तिला शितोशितो म्हणतात,
सायकलच्या साखळीला ऐकू येईल इतपतच.
जिन्यात बल्ब गेलेला. छत्री ठिबकत.
कडी वाजवली.
आतून, भाकरी थापणारा हात न थांबवता, आई:
"कोण आलं?"

हात कडीवरच राहिला.
आलं.
रोजचं. दार उघडायच्या आधीचं.

छत्री खाली ठेवली, पिशवीतून पेन्सिल काढली,
वही भिंतीला टेकवून
अंधारातच ओळ सात लिहिली.

"कोण आलंय म्हणते मी!"

"मी."