अंगठा थांबला तिथे

कांद्याच्या दोन गाड्यांमध्ये
तुर्भ्याच्या मार्केटात पहाटे अर्धा तास मिळतो.
बाकीची टोळी तंबाखू मळते.
मी रिकाम्या बारदानावर बसून
डोंगर पेटताना बघतो.

सुरुवात अशी की मी भाव शोधत होतो कांद्याचा
आणि मधेच कुठलासा डोंगर आला, तोंड उघडून.
अंगठा थांबला. एवढंच.
बाप माझा पगाराच्या कागदावर अंगठा द्यायचा,
मुकादम बोट धरून शाईत बुडवायचा.
मी सातवीपर्यंत शिकलो, सही करतो झोकात,
तरी फोनने माझा अंगठाच घेतला
आणि लिहून ठेवलं कुठेतरी:
सर्जेराव शेडगे, आवड ज्वालामुखी.

तेव्हापासून खबर येते रोज.
कुठे भेग रुंदावली, कुठे अख्खं गाव हलवलं.
नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली.
एक आमचा मुकादम: दिवसभर धूर, काम शून्य.
एक थोरली काकू: वीस वर्षं गप्प,
आणि मग एकदम सगळ्या भावकीसमोर.
एक बेटावरचा धाकटा.
त्याच्या पायथ्याला कुणी मास्तर राहतो,
रोज सकाळी गच्चीवरून एक फोटो टाकतो.
फोटोत शेजारणीची कपड्यांची दोरी येते.
मी आधी दोरी बघतो.
राख किती पडली
ते शर्टाच्या खांद्यावरून कळतं.

खोटंही येतं पुष्कळ.
पुतण्या हसतो, काका, हे कम्प्युटरने बनवलंय.
मला त्याच्या आधी कळलेलं असतं.
खऱ्या धुराला वजन असतं,
भरल्या गोणीसारखा तो आधी खाली बसतो
मग उचलला जातो.
तीस वर्षं पन्नास-पन्नास किलो पाठीवर घेतल्यावर
वजन डोळ्यांनाही दिसायला लागतं.

गणपतीनंतर मान धरली.
मानेचा एक व्यायाम पाहिला शेवटपर्यंत, एकदाच,
तर आठवडाभर तेलं, पट्टे,
गुडघ्याचे डॉक्टर, चार मिनिटांत कर्ज.
डोंगर गेले कुठल्या कुठे.
ज्वालामुखी लिहून शोधलं
तर आधी फटाका आला, मग देवीचं देऊळ,
मग कुणी निवेदक, ओरडत,
कुठल्यातरी पक्षात म्हणे झालाय स्फोट.
फोनला बाबापुता करत
एकेक जुना डोंगर हुडकून परत आणला.
धाकटाही आला.
मास्तर नाही.
शेवटचा फोटो नऊ दिवसांपूर्वीचा,
दोरी रिकामी.

हे विचारायचं कुणाला?
बायकोला सांगितलं तर म्हणाली,
गावाकडं सख्ख्या भावाला फोन होत नाही तुमच्यानं.
खरं होतं. केला.
भाऊ म्हणाला, विहीर थांबलीय,
खाली काळा पाषाण लागलाय,
सुरुंगाशिवाय हटायचा नाही.

दोन दिवसांनी कुणा भूगर्भवाल्या बाईंनी लिहिलेलं
आपसूक समोर आलं:
घाटापासून खाडीपर्यंत आपला हा काळा दगड
सगळा लाव्हा आहे.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर.
दोनदा वाचलं.
म्हणजे घणसोलीच्या खिडकीतून दिसतो तो पारसिक,
पाटणच्या विहिरीचा तळ,
आईचा पाटा, ज्यावर तिने माझ्या लग्नाचं वाटण वाटलं,
सगळी वाहत आलेली आगच.
आणि मी बापडा
बेटाबेटांवर शोधत होतो.

रविवारी गेलो.
खाण बंद पडलीय, कडा उघडाच आहे,
वरून कुणीतरी कचरा टाकतं.
हात लावला. गरम होता.
उन्हानं. माहीत आहे मला, उन्हानं.
तरी लगेच काढला नाही.

मास्तर परवा आला.
फोटो तिरका, गच्ची दुसरी, दोरी नाहीच.
लांबवर धाकटा, टोपी घातल्यासारखा धूर.
खाली त्याच्या भाषेत एक ओळ होती.
बटण दाबलं तर मराठीत आली मोडकीतोडकी:
नवीन घर येथून डोंगर छोटा दिसतो.

मीही इथे आलो त्या साली
गावाला पत्र लिहायचं ठरवून
हेच लिहिणार होतो बहुतेक.
राहून गेलं.

निफाडची गाडी लागलीय.
येतो रे, येतो.