पाच सेंट माफ

देस्सेच्या बसस्थानकामागे निलगिरीच्या फळ्यांची टपरी.
वडील पुस्तकं भाड्यानं द्यायचे,
दिवसाला पंचवीस सेंट,
आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी खळीनं डकवलेला कोरा कागद :
वाचून काय वाटलं ते लिहा. लिहिल्यास पाच सेंट माफ.

पाच सेंटांसाठी माणसं खरं बोलायची,
किंवा पाच सेंटांपुरतंच.
"बरं आहे." "जाड आहे." "झोप छान लागली."
हमाल देम्सिसनं अंगठा उठवला होता.
त्याला मुलीनं वाचून दाखवलं होतं, आणि सवलत त्यालाही हवी होती.
वडिलांनी दिली.
अंगठा काही उगाच उठत नाही, म्हणाले.

दहावीचं रसायनशास्त्र. किरटं अक्षर :
"पान एकशे बारा, चौदाव्या गणिताचं उत्तर चुकलंय.
तीन रात्री मी स्वतःला ढ समजत होतो."
खाली वेगळ्या शाईत : "मीही."
त्याखाली : "मी तर शाळाच सोडली."
आणि तळाशी, लाल पेन्सिलीत, कुण्या मास्तरांचं :
"उत्तर बरोबर आहे."

एका कादंबरीची शेवटची अकरा पानं गहाळ.
नायिका धक्क्यावर उभी, बोट लागतेय,
आणि पुठ्ठा.
तिच्यावर सगळ्यात जास्त लिहून यायचं.
ट्रकवाला गेताहून : "असाब बंदरात माझी दर महिन्याला खेप असते.
तो बोटीत नसतो."
नर्स अस्नाकेच : "असतो. उतरत नाही."
आणि कुणीतरी, नाव न घालता :
"अकरा पानांचे पैसे कापा."

मग ते साधूचं चरित्र.
बावीस वर्षं गुहेत, मौनात.
रोज पहाटे एक सिंह तोंडात धरून इंजेरा आणून द्यायचा.
मिरची कुटणारी यिर्गेदू प्रौढांच्या वर्गात नुकतीच अक्षरं शिकली होती.
कागदाला बोटांचे लाल डाग, आणि कोरून कोरून लिहिलेलं :
"इंजेरा भाजत कोण होतं? सिंह तर नव्हे.
पीठ तीन दिवस आंबवावं लागतं.
त्या बाईचं नाव लिहायचं राहिलंय."
खाली डीकन वोर्कू : "श्रद्धेने वाचावे."
पुढच्या महिन्यात तिनं तेच पुस्तक पुन्हा नेलं.
"श्रद्धेनंच वाचलं. म्हणून तर विचारते."

मग ते वर्ष आलं.
रात्रीतून भिंतीवर कुणी काही लिहिलं,
आणि माणसं अक्षर जुळवून बघत घरोघर फिरू लागली.
वडिलांनी टपरी आतून लावली
आणि एकेका पुस्तकाचा शेवटचा कागद फाडला.
देम्सिसचा अंगठा सगळ्यात आधी चुलीत.
मी नऊ वर्षांची. कागद त्यांच्या हाती देण्याआधी
जमेल तितक्या घाईनं वाचत होते.
वाचू नकोस, असं ते म्हणाले नाहीत.
फक्त हात जरा सावकाश पुढे करत राहिले.

बऱ्याच दिवसांनी यिर्गेदू आली.
चरित्र उघडलं, उलटं केलं,
शेवटाला खळीचा खरखरीत पट्टा तेवढा.
"जाळलं," वडील म्हणाले.
तिनं मनाशी हिशेब केला,
शालीच्या टोकाची गाठ सोडली
आणि दहा सेंटांचं नाणं फळीवर ठेवलं.
"दोनदा माफ केले होते तुम्ही.
लिहिलेलंच राहिलं नाही, तर माफी कसली?"

वडिलांनी नाणं तिच्याकडे सरकवलं.
तिनं इकडे.
बाहेर वोल्दियाची बस भरत होती, क्लीनर ओरडत होता.
मग ती माझ्याकडे वळली.
"तू वाचलं होतंस?"
मी दोन्ही वेळचं म्हणून दाखवलं,
पीठ, तीन दिवस, नाव,
सगळं, तिनं लिहिलं होतं त्याच क्रमानं.
एके ठिकाणी तिनं मला दुरुस्त केलं.
आणि नाणं उचललं.