समासाचे पैसे

एल आल्तोच्या बाजारात गुरुवारी आणि रविवारी
मी निळ्या ताडपत्रीवर जुनी पुस्तकं मांडते.
एका कडेला भूमिती, शिवणकाम, स्वप्नांचे अर्थ,
बाकी सगळी गाड्यांची.
गाड्यांची जास्त खपतात.
इथं घरटी एक तरी मिनीबस आजारी असते.

एदिल्सोन कायिसाया, वय सतरा,
रुफोमामाच्या गॅरेजात पेट्रोलनं सुटे भाग धुणारा,
तीन बाजार उभ्याउभ्याच वाचत राहिला.
खिशात एका पुस्तकापुरते पैसे.
चौथ्या बाजारी म्हणाला, दोन्या सेबेरिना,
इंजिन ट्यून करायला शिकायचंय. ह्यातलं कुठलं घेऊ?

मला विचारतोय!
मी दुसरीत शाळा सोडली
आणि स्टिअरिंगला हात लावला तो फक्त पुसायला.

एक होतं जाडजूड, जर्मनवरून स्पॅनिशमध्ये आणलेलं,
गुळगुळीत पानं, रंगीत आकृत्या.
चार वेळा विकलं मी ते, चारही वेळा परत आलं,
आलं तसंच, कोरं करकरीत.
एक होता बारा धड्यांचा डीव्हीडी-संच,
डबीवर लाल गाडी आणि दात दाखवणारा माणूस.
तसले धडे फोनवर बघितलेत, एदिल्सोन म्हणाला,
त्या माणसाच्या पाठीमागं समुद्र दिसतो.

समुद्र!
तिथलं इंजिन पोटभर हवा पितं.
इथं चार हजार मीटरवर
पाणी उतावळेपणानं उकळतं आणि बटाटा कच्चाच राहतो,
पाहुणे पहिल्या जिन्यातच बसतात धापा टाकत.
समुद्राकाठचं पेट्रोलचं माप
इथल्या इंजिनाला घशाखाली उतरत नाही,
काळा धूर ओकतं बिचारं सेहाच्या चढावर.

मग मी खालून एक काढलं.
कव्हर नाही, पाठ सुतळीनं शिवलेली,
रॉकेलचा वास.
म्हटलं, वाचू नकोस, नुसतं चाळ.
इंजिनाचा इतिहास : पांढराशुभ्र.
लेखकाचे आभार : पांढरेशुभ्र.
कार्ब्युरेटर : बोटांच्या ठशांनी काळाकुट्ट.
वीस वर्षांत मला एवढंच कळलंय,
जे पान मळलं तेच कामाला आलं.

त्या पानाच्या समासात पेन्सिलीनं, तिरकं :
*इथं हे लागू नाही. मेन जेट दोन नंबर लहान.
ठिणगी जराशी आधी.
चढावर ऐक, सपाटीवर इंजिन खोटं बोलतं.*
आणि त्याखाली : *साबिनाचे चाळीस देणं.*

पोरगं खालीच बसलं, वही काढली,
समास तेवढा उतरवून घेतला, साबिनासकट,
आणि पुस्तक परत माझ्या हातात.
मी म्हटलं, समासाचे पाच बोलिव्हियानो.
तो हसला. मी हसले नाही.
दिले.

पुढचे तीन रविवार आला नाही.
मग एका गुरुवारी, वारं सुटलं होतं,
त्यानं माझ्या तळहातावर स्पार्क प्लग ठेवला
अजून कोमट. म्हणाला, वाचा.
टोक भाजक्या मक्याच्या पिठाच्या रंगाचं,
ना काजळी, ना पांढरी राख.
ह्याआधीचे दोन काळेच निघाले, म्हणाला,
समासवाला दोन नंबर सांगतो, आमच्या गाडीला तीन लागले.
मामा म्हणतो, नशीब. म्हणू दे.

पुस्तक मागितलं. कानावरची पेन्सिल काढून
त्या तिरक्या ओळींखाली नीट, शाळेतल्या अक्षरात लिहिलं :
*निळी मिनीबस, जुनं इंजिन, तीन नंबर. जुलै. थंडी संपली की परत बघणे.*
आणि हात पुढं केला :
समासाचे पाच बोलिव्हियानो.

दिले. काय करणार.

प्लग विसरला की मुद्दाम ठेवून गेला, माहीत नाही.
मी तो त्याच पुस्तकावर ठेवते, पानं उडू नयेत म्हणून.
गिऱ्हाईक प्लगचाच भाव विचारतं.
तो विकायचा नाही, सांगते,
आणि खालच्या पुस्तकाचा भाव
दहानं वाढवलाय.