ठणक्याला तिकडं काय म्हणतात

निकाल लागला त्या आठवड्यात
राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात गेलो.
(आम्ही कोल्हापूरच्या पोरी गेलो, आलो असंच बोलतो.
कॉलेजातल्या पुण्याच्या मॅडमना चार वर्षांत
तेवढं एक दुरुस्त करता आलं नाही.)
तिथले साहेब म्हणाले, अनुभव?
म्हटलं, तोच घ्यायला आलोय.
म्हणाले, मग सहा हजार.
डबा घरचा.

दावणगेरेचा फोन गच्चीवर घेतला, पाण्याच्या टाकीपाशी,
रेंज तिथंच येते.
त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी
एकमेकांना सांभाळून घेत होतं,
एसटीत अनोळखी बायका एकमेकींची पोरं धरतात तसं.
बावीस हजार. हॉस्टेल. रात्रपाळी.
अण्णा म्हणाले, "दावणगिरी? म्हंजे ते डोशाचं?"

मग कागद.
एका राज्यातली नर्स दुसऱ्या राज्यात
आपोआप नर्स नसते.
शिरा तिथंही हातातच असतात,
पण मुंबईचं ना-हरकत बंगळूरला पोचून
ते सिद्ध व्हायला अडीच महिने लागले.

आलियम्मा सिस्टरना पेढे द्यायला गेलो.
एकवीस वर्षांच्या असताना कोट्टयमहून आलेल्या,
आता बोलतात तर गंगावेशीत जन्मल्यासारख्या.
पेढा अर्धा खाल्ला, अर्धा ॲप्रनच्या खिशात.
"पाणी, जेवण, बाथरूम कुणीबी शिकवतंय.
तू दुखण्याचे शब्द शिक.
मी नवीन होतो, एक म्हातारा म्हणाला, कळ आली.
मी पळत जाऊन डॉक्टरना सांगितलं,
पेशंटला काहीतरी कळलंय."

रात्री वहीत रकाना आखला.
कळ. ठणका. चमक. उसण.
भगभग. पोटरीत चढलेला गोळा.
शिरोलीच्या फौंड्रीत अण्णांच्या मनगटावर लोखंड उडालं
तेव्हा ते यातलं काहीच म्हणाले नव्हते.
"जरा चटका बसलाय," एवढंच.
ड्रेसिंग मीच केलं, दुसऱ्या वर्षाला होतो.
गॉज सुटत नव्हतं
आणि ते कॅलेंडरावरच्या एकादश्या मोजत होते.
पलीकडच्या रकान्यात कन्नड लिहायचं होतं.
मोबाइलनं सगळ्यांपुढं एकच शब्द दिला.
नोवु. नोवु. नोवु. नोवु.

आईनं चटणीच्या बरणीला
माझीच मायक्रोपोर टेप गुंडाळली, तीन वेढे.
अण्णा स्टँडवर गाडीच्या टायरकडं बघत राहिले.
"कागलपतूर झोपू नको," म्हणाले.
कागलच्या पुढं काय, ते सांगितलं नाही.
कोगनोळीला पाट्यांवरची अक्षरं गोल झाली.

चौथी रात्र, बेड नंबर अकरा.
म्हातारी कुशीवर झालेली,
काहीतरी लांबलचक सांगत होती.
त्यात नोवु कुठंच नव्हतं.
वाट बघितली. पुन्हा नव्हतं.
मग माझ्या तोंडातून गेलंच,
"कळ मारतीया होय, आज्जी? कुठं, दावा की."
तिनं माझ्याकडं बघितलं.
माझा हात धरून बरगडीखाली नेऊन ठेवला
आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागली.
डॉक्टरना उठवलं, इंजेक्शन दिलं, बाटली लावली.
तरी ती बोलतच होती.
मग मीही सांगितलं.
मेसमधल्या पोरींनी चटणीचा तळ गाठल्याचं,
टायरकडं बघत उभारलेल्या माणसाचं.
सलाईन संपेपर्यंत ती तिचं, मी माझं.

सकाळी तिच्या सुनेला विचारून
कळपुढचं नोवु खोडलं
आणि तिनं सांगितलेला शब्द लिहिला,
जसा ऐकू आला तसा.
राउंडला तोच म्हणून दाखवला.
डॉक्टर हसले, दोन्ही सिस्टर हसल्या,
अकरा नंबरची आज्जी बरगडी धरून हसली.
का, ते मला अजून कळलेलं नाही.